पिनेतून पू येतोय, फ्रेम काढू का?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या एका तरुण पशुवैद्य सहकाऱ्याकडे अडीच वर्षांचा, २८ किलोचा लॅब्राडॉर आला. मोटारसायकलची धडक. उजव्या मागच्या पायातल्या टिबियाचे (नडगीच्या हाडाचे) मधोमध चार-पाच तुकडे, कातडी एका जागी फाटलेली. त्यांनी पायाच्या आतल्या बाजूने बाह्य फ्रेम, म्हणजे हाडात घातलेल्या पिनांना कातडीबाहेर दांड्याने जोडणारा सांगाडा, बसवली. वरच्या तुकड्यात दोन पिना, खालच्यात दोन, चारही गुळगुळीत, ३ मिमीच्या, आणि बाहेरून एपॉक्सी पुटीचा दांडा. पहिले १२ दिवस कुत्रा छान पाय टेकत होता. १६व्या दिवसापासून पाय उचलून धरतो. सगळ्यात वरच्या पिनेच्या तोंडाशी पू आहे, ताप नाही, खाणंपिणं व्यवस्थित. दोन वेगवेगळी अँटिबायोटिक देऊन झाली. "सर, इन्फेक्शन आटोक्यात येत नाहीये. फ्रेम काढून प्लॅस्टर घालू का?"

नको. तुकडे-तुकडे झालेला टिबिया १८व्या दिवशी प्लॅस्टरमध्ये घातलात तर तुकडे एकमेकांत सरकतील, पाय आखूड होईल किंवा वाकडा जुळेल, आणि जखम प्लॅस्टरखाली दिसेनाशी होईल ती वेगळीच. पण त्याआधी मला तुमचं निदानच पटत नाही. तुम्ही याला इन्फेक्शन म्हणताय. मला ही ढिली झालेली पिन वाटते. पू तिच्यामागून आलाय.

तारखा बघा. ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) शिरलेले जंतू त्रास देणार असते तर तिसऱ्या-पाचव्या दिवशी पाय सुजला असता, कुत्रा मलूल झाला असता, अंग तापलं असतं. तुमचा पेशंट १२ दिवस टेकत चालला आणि मग अचानक थांबला. टेकणारा पाय कुत्र्याने अचानक उचलला की एखादी पिन ढिली झाली असं मी गृहीत धरतो आणि ते खोटं ठरेपर्यंत सोडत नाही. हाडात घट्ट बसलेली पिन जनावराला फारशी दुखत नाही. हलणारी पिन मात्र प्रत्येक पावलाला टोचते, भोवतालचं हाड खाते, कातडी चोळते, त्यातून पाझर वाढतो आणि त्या ओलाव्यात कातडीवरचेच जंतू आयते वाढतात. तुम्ही स्वॅब पाठवलात तर स्टॅफिलोकोकस येईलच, तो कुत्र्याच्या कातडीवर राहतोच. रिपोर्ट हातात आला की वाटतं आरोपी सापडला. तो साक्षीदार असतो.

मग पिन ढिली का झाली? याची मला तीन उत्तरं दिसतात, आणि त्यातलं पहिलं तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारतो: पिना कशाने बसवल्या? हार्डवेअरच्या दुकानातलं ड्रिल मशीन, निर्जंतुक कापडात गुंडाळून? लाजू नका, मीही पहिली काही वर्षं तेच केलं. ते मशीन मिनिटाला हजारांत फेरे मारतं. पिनेचं टोक ड्रिल बिटसारखं नसतं, त्याला हाडाचा भुसा बाहेर टाकायला खोबणी नसते, त्यामुळे ते कापण्यापेक्षा घासतं जास्त. घासलं की तापतं. हाड ४७ अंश सेल्सियसवर एक मिनिट राहिलं तरी त्याच्या पेशी मरतात, आणि लॅब्राडॉरच्या टिबियाच्या जाड कॉर्टेक्समध्ये (हाडाच्या बाहेरच्या कठीण थरात) त्यापेक्षा जास्त तापमान गाठायला काही सेकंद पुरतात. मेलेलं हाड त्या दिवशी काही बोलत नाही. पिन घट्ट लागते, हाताने ओढून बघितली तरी हलत नाही, आपण खूश होऊन घरी जातो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत शरीर ते मेलेलं हाड पोखरून काढायला लागतं आणि पिनेभोवती पोकळी तयार होते. सोळावा दिवस त्या हिशेबात चपखल बसतो.

आता मी काय करतो ते सांगतो. आधी ड्रिल बिटने भोक पाडायचं, पिनेच्या गाभ्याच्या (आटे सोडून मधल्या दांड्याच्या) व्यासापेक्षा जेमतेम ०.१ मिमीने लहान. बिट नवीन किंवा नुकतं धार लावलेलं. सहाय्यकाने सलाईनची धार सतत धरायची, आणि मध्येच बिट बाहेर काढून त्यातला भुसा पुसायचा. भुसा पांढरा-गुलाबी असेल तर ठीक. पिवळट-तपकिरी दिसला, किंवा नाकाला तो दाढ कोरताना येतो तसा वास आला, तर तिथे हाड जळलंय. ती जागा सोडून दुसरीकडे जायचं. मग त्या भोकात पिन हळू, मिनिटाला १५० फेऱ्यांच्या आत. हाताने फिरवायच्या चकने (पिन पकडायच्या मुठीने) बसवली तर तापत नाही हे खरं, पण मनगट डगमगतं आणि भोक लांबट होतं, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच सैल. आधी भोक पाडलेलं असेल तर हाताने बसवणंही चालतं, कारण तेव्हा जोर लावावा लागत नाही.

दुसरं कारण, गुळगुळीत पिना. आपल्याकडे माणसांच्या ऑर्थोपेडिक दुकानात स्वस्तात मिळतात त्या के-वायर आणि स्टाइनमन पिना, म्हणून सगळे त्याच वापरतात. गुळगुळीत पिनेला हाडात धरून ठेवणारी फक्त घर्षणाची पकड. पूर्वी त्यावर उपाय म्हणून पिना एकमेकींशी तिरक्या, हाडाशी साधारण ७० अंशांच्या कोनात घालत. आता आट्यांच्या पिना मिळतात, आणि त्यांतही फरक आहे. काहींमध्ये आटे मूळ दांड्यातच कोरलेले असतात, त्यामुळे आट्यांचा भाग दांड्यापेक्षा बारीक होतो आणि जिथे आटे संपतात तिथेच पिन तुटते. तुटलेलं टोक हाडात राहतं आणि बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं. दुसऱ्या प्रकारात आटे दांड्याच्या वर उठलेले असतात. त्या महाग असतात, पण प्रत्येक तुकड्यात निदान एक, आणि ती सांध्याजवळच्या मऊ हाडात, अशी असायलाच हवी. तुमची सगळ्यात वरची पिन नेमकी त्या मऊ हाडात, गुळगुळीत, आणि गुडघा वाकला की जिथली कातडी सर्वांत जास्त सरकते तिथे. चौघींपैकी पहिली तीच बोलणार होती.

तिसरं, फ्रेम अशक्त आहे. इथे जरा थांबून सांगतो, कारण पुष्कळ जण पिनेच्या तोंडाशी अडकतात आणि वर बघतच नाहीत. हाड सरळ आडवं मोडलेलं असेल आणि दोन टोकं एकमेकांवर नीट टेकलेली असतील तर वजनाचा वाटा हाड उचलतं. चार-पाच तुकडे असतील तर हाड काहीच उचलत नाही. २८ किलोच्या कुत्र्याचा तो पाय तुमच्या चार पिना आणि पुटीचा दांडा एवढ्यावर उभा आहे. तुकड्यामागे दोन पिना ही किमान मर्यादा आहे. अशा फ्रॅक्चरला मी तीन-चार घालतो आणि त्या तुकड्याच्या पूर्ण लांबीवर पसरतो: एक सांध्याजवळ, एक फ्रॅक्चरजवळ, बाकीच्या मध्ये. फ्रॅक्चरच्या अगदी काठावरही नको, पिनेच्या व्यासाच्या तिप्पट तरी अंतर हवं. प्रत्येक तुकड्यातल्या तुमच्या दोन्ही पिना एकमेकींपासून दीड सेंटीमीटरवर आहेत असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे तुकडा त्या जागी बिजागरीसारखा झुलतोय.

पिनेची जाडी तुम्ही बरोबर निवडलीत, तेवढं श्रेय घ्या. पिनेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २ मिमीच्या जागी ३ मिमी घातली की ती पाचपट ताठ. म्हणून जाड घालावीशी वाटते. पण हाडाच्या व्यासाच्या पावपटीपलीकडे गेलं की भोकच हाडाला कमकुवत करतं. १४ मिमीच्या हाडाला साडेतीन ही वरची हद्द. हा हिशेब मी एका पॉमेरेनियनच्या पायावर शिकलो. पुढच्या पायाचा रेडियस, हाड जेमतेम ५ मिमी, ट्रेमध्ये २ मिमीपेक्षा बारीक पिन उरलेली नव्हती आणि मी म्हटलं चालेल. नवव्या दिवशी ते कुत्रं सोफ्यावरून उतरलं आणि हाड पिनेच्या भोकातून मोडलं. जुनं फ्रॅक्चर जसंच्या तसं, शेजारी नवीन. मालकीणबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

दांडा कातडीपासून किती लांब आहे तेही मोजा. पिनेची मोकळी लांबी दुप्पट झाली की तिचा ताठपणा साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून दांडा जवळ हवा. पण फार जवळ नेला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय सुजतो आणि दांडा कातडीत रुततो. एक सेंटीमीटर, म्हणजे आपलं करंगळीचं बोट सहज सरकेल इतकं, हे ठीक. पुटीचा दांडा माझ्या अंगठ्यापेक्षा बारीक असेल तर मोठ्या कुत्र्याला तो मी पुरेसा मानत नाही. आणि पिनांची बाहेरची टोकं पुटीत सरळ खुपसली असतील तर त्या पुटीतच फिरतात. टोकं वाकवून एकमेकींवर आणायची, तारेने बांधायची आणि मग त्यावर पुटी चढवायची. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेत या एपॉक्सी-पिन पद्धतीवर बरंच काम झालंय. पद्धत स्वस्त आहे, हलकी आहे, पिना एका रेषेत असायची सक्ती नाही. तिला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. तिचा एकच मोठा तोटा तुम्हाला आज नडतोय: क्लॅम्प (पिन दांड्याला धरून ठेवणारी पकड) असता तर तो सैल करून एकेक पिन बोटांनी फिरवून बघता आली असती. पुटीत सगळ्या पिना एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे ढिली पिनसुद्धा बाहेरून घट्ट भासते.

म्हणून उद्या काय करायचं ते क्रमाने. आधी भूल न देता, कुत्रा मालकाजवळ शांत असताना, प्रत्येक पिनेच्या शेजारी बोटाने हाडावर दाबून बघा. तीन पिनांना तो दुर्लक्ष करेल आणि एकीला वळून बघेल. ती लिहून ठेवा. मग एक्स-रे, दोन्ही बाजूंचे, वर गुडघा आणि खाली हॉक (घोट्याचा सांधा) दिसेल असे. पिनेभोवती काळी किनार दिसली तर ती ढिली आहे. किनारीच्या आत पिनेला बिलगून पांढरं कडं दिसलं तर ते मेलेल्या हाडाचं कडं आहे. त्याला रिंग सिक्वेस्ट्रम म्हणतात, ते बहुतेक वेळा जळण्याचं फळ, आणि पिन काढल्यावर ते खरवडून काढावं लागतं, नाहीतर महिनोन्महिने वाहत राहतं. फ्रॅक्चरमध्ये कॅलस (जुळताना तयार होणारं नवं हाड) कुठपर्यंत आलाय तेही याच एक्स-रेत दिसेल.

नंतर भूल. इथे एकच नियम कडक पाळा: नवीन पिना आधी, जुनी नंतर. ढिली पिन आधी काढलीत तर वरचा तुकडा एका पिनेवर उरतो आणि टेबलावरच फिरतो. पुढच्या-आतल्या बाजूने, जुन्या पिनांशी ६० ते ९० अंशांचा कोन करून, वरच्या तुकड्यात दोन आणि खालच्यात दोन आट्यांच्या पिना नव्या, निरोगी हाडात घाला. जुन्या ढिल्या भोकात जाड पिन घालून काम भागवायचा मोह होतो. ते भोक घाण झालेलं आहे, तिथे जाऊ नका. नव्या पिनांचा दुसरा दांडा करा आणि तो पहिल्या दांड्याला वर आणि खाली पुटीच्या आडव्या पुलाने जोडा. जुन्या पुटीवर नवी नुसती चिकटत नाही, करवतीने खाचा पाडून घ्या. पुटी घट्ट होताना गरम होते, तेव्हा पिनांच्या बुडाशी ओला गॉज धरा. मग जुनी वरची पिन कातडी आणि दांड्याच्या मध्ये कापून काढून घ्या, भोक क्युरेट करा (खरवडा), धुवा, उघडं ठेवा. पिनेचं हाडातलं टोक निर्जंतुक कटरने कापून कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवा. पृष्ठभागावरच्या स्वॅबपेक्षा ते खरं बोलतं. तोपर्यंत तिसरं अँटिबायोटिक सुरू करू नका. आपल्याकडे हे मुकाट्याने बदलत राहणं इतकं वाढलंय की कशालाच न जुमानणारे स्टॅफ आता तालुक्यालाही पोचलेत.

पाझराबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण नेमका कुठला पाझर गंभीर हे ठरवता आलं की निम्मी धावपळ वाचते. कातडीतून लोखंड बाहेर आलंय म्हटल्यावर थोडा पाझर येणारच. पातळ, पिवळसर, वाळून खपली धरणारा, आणि कुत्रा टेकतोय: काही करायचं नाही. ती खपली कोरडी असेल तर मी काढतही नाही, ती भोकाचं झाकण आहे. पाझर वाढला, भोवती कातडी लाल आहे, पण चाल ठीक आहे: कातडी पिनेला ताणून बसलीय का बघा, असेल तर पात्याने अर्धा-एक सेंटीमीटर सोडवा, फिरणं कमी करा, दिवसातून एकदा सलाईनने किंवा ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडीनने पुसा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नव्या पेशी मारतो. घट्ट पू, दाबल्यावर दुखणं आणि लंगडणं एकत्र आलं की मग वर लिहिलेलं सगळं. सर्जरीनंतरचे पहिले आठ-दहा दिवस पिनांच्या मध्ये, कातडी आणि दांड्याच्या फटीत गॉज भरून वरून सैल पट्टी बांधत जा. कातडी पिनेवर सरकायची थांबते आणि पाझर खूपच कमी होतो.

तुमची केस टिबियाची आहे हे नशीब. आतल्या बाजूला हाड कातडीखालीच आहे, मध्ये स्नायू नाही. सांभाळायचं म्हणजे खालच्या निम्म्या भागात तिरपी जाणारी सॅफिनसची शीर आणि तिच्या सोबतची धमनी. पायावरचे केस भादरल्यावर बोटाने दाबून ती फुगवून बघता येते. प्रत्येक पिनेसाठी सेंटीमीटरभर चीर, आर्टरी फोर्सेपने हाडापर्यंत वाट, ड्रिल गाईड, मगच बिट. कातडीतून थेट पिन खुपसणाऱ्यांना मी पुढच्या पायाच्या दंडात हात घालू देणार नाही.

कारण ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) खालच्या भागात बाहेरून रेडियल नर्व्ह (पंजा सरळ करणारी नस) ब्रेकियालिस स्नायूवरून जाते. एका भटक्या कुत्र्याला मी तिथे फ्रेम बसवली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंजा उलटा टेकून उभा. नर्व्ह माझ्या पिनेने गेली की गाडीच्या धडकेने, हे मला आजही माहीत नाही, कारण सर्जरीआधी पंजाच्या वरच्या बाजूची संवेदना तपासून मी केस पेपरवर लिहिलीच नव्हती. ह्युमरसच्या फ्रॅक्चरमध्ये ती नर्व्ह अपघातातच दुखावलेली असणं काही दुर्मीळ नाही. तो पंजा पुढे दोन महिन्यांत बराचसा सुधारला. तेव्हापासून भूल देण्याआधी बोटांना चिमटा काढून बघतो आणि काय दिसलं ते वेळेसकट लिहितो.

फीमरबद्दल माझं मत आणखी कडवट आहे. मांडीत पिन कुठूनही नेली तरी जाड स्नायूंतूनच जाते. प्रत्येक पावलाला स्नायू पिनेवर घासतो, पाझर जास्त, दुखणं जास्त, म्हणून जनावर गुडघा ताठ धरतं. पिल्लू असेल तर काही आठवड्यांत क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) हाडाला चिकटतो आणि पाय काठीसारखा मागे ताठ राहतो. तो एकदा ताठला की परत वाकवणं जवळपास अशक्य. परिणाम एवढा वाईट आणि टाळणं इतकं सोपं, अशी गुंतागुंत माझ्या पाहण्यात दुसरी नाही. फीमरला प्लेट (हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) शक्य असेल तर प्लेट. नसेल तर हाडाच्या पोकळीत एक जाड पिन घाला, तिचं वरचं टोक बाहेर ठेवून फ्रेमच्या दांड्याला जोडा, आणि बाहेरच्या बाजूने कमीत कमी पिना. दुसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवायचे व्यायाम, दुखणं झाकायला औषध देऊन. मालक म्हणतात "डॉक्टर, त्याला ओढूताणू कशाला, दुखतं." त्यांना ताठलेल्या पायाचा एक फोटो दाखवतो.

पॉमेरेनियन, टॉय पूडल, चिवावा यांच्या पुढच्या पायाचं मनगटाजवळचं फ्रॅक्चर ही वेगळीच डोकेदुखी. तिथे हाडाला रक्तपुरवठाच कमी, खालचा तुकडा नखाएवढा, त्यात दोन पिनासुद्धा मावत नाहीत. फ्रेम फार ताठ झाली तर हाड आणखी विरघळतं, ढिली झाली तर जुळत नाही. छोटी टी-प्लेट बसवणारं कोणी जवळच्या शहरात असेल तर पाठवून द्या. बारीक तारा ताणून बसवायची गोल कड्यांची फ्रेमही चालते. तीच ती, सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्हांनी १९५०च्या दशकात माणसांसाठी उभी केलेली. उलट दिशेचं उदाहरणही आहे, आपल्या लोकांना ते फारसं माहीत नसतं: १९३०च्या दशकात ओटो स्टेडर या अमेरिकन पशुवैद्याने कुत्र्यांसाठी केलेली बाह्य फ्रेम दुसऱ्या महायुद्धात जखमी नौसैनिकांच्या पायांवर बसली. आपला धंदा नेहमी माणसांच्या डॉक्टरांकडून उसनंच घेतो असं कोणी म्हणालं की मी हे सांगतो.

आता फ्रेम काढण्याची वेळ. पिल्लांत तीन-चार आठवडे पुरतात. तुमच्या कुत्र्यासारख्या प्रौढ, तुकडे झालेल्या केसला १० ते १४ आठवडे धरून चला, आता मध्ये हा घोळ झालाय तर जास्तच. दर चार आठवड्यांनी एक्स-रे. सहाव्या ते आठव्या आठवड्यात कॅलस पूल बांधू लागला की मी आज सुचवलेला दुसरा दांडा आधी काढून टाकतो, म्हणजे वजन हळूहळू हाडावर येतं आणि ते घट्ट होतं. सगळं एकदम, एका दिवशी काढलं की मालक आनंदात कुत्र्याला मैदानात सोडतो आणि हाड कुठल्यातरी पिनेच्या भोकातून मोडतं. भोकं भरायला महिना-दीड महिना लागतो. तोपर्यंत दोरी लावूनच फिरवायचं. आणि आठव्या आठवड्यालाही एक्स-रेत काहीच हललं नसेल तर वाट बघत बसू नका. ह्युमरसच्या वरच्या टोकातून स्पंजी हाड काढून फ्रॅक्चरमध्ये भरा, आणि त्याआधी फ्रेम खरंच घट्ट आहे ना हे पुन्हा तपासा.

मांजरं ही फ्रेम कुत्र्यांपेक्षा छान सहन करतात. त्यांचा प्रश्न माळ्यावर चढण्याचा. दीड मीटरवरून उडी मारली की हिशेब संपला, म्हणून मोठ्या पिंजऱ्यात ठेवायला सांगा. आणि दुखतं म्हणून घरातलं पॅरासिटामॉल मांजराला दिलं तर ते मरू शकतं, कुत्र्याला डायक्लोफेनॅक दिलं तर जठरात व्रण आणि किडनी धोक्यात. हे सांगितल्याशिवाय पेशंट घरी सोडू नका, कारण शेजारचे मेडिकलवाले विचारलं की देतात.

कुत्र्याच्या मालकाला उद्या बोलवाल तेव्हा "इन्फेक्शन झालं" म्हणू नका. त्याला लगेच वाटतं की त्याच्या अंगणात घाण आहे म्हणून, किंवा तुमच्या ओटीत. सरळ सांगा की एक पिन ढिली झाली आहे, फ्रेमला आणखी आधार लागणार आहे, आणि त्याचा खर्च अमुक. पहिल्या वेळी फ्रेम कमी पडली हे तुमच्या तोंडून आधी निघालेलं बरं. मी अशा वेळी पिनांचे पैसे घेतो, माझ्या हाताचे घेत नाही. गळ्यातली, चाटू न देणारी शंकूची कॉलर झोपतानाही काढायची नाही हे लिहून द्या. पिनांची कापलेली टोकं टेपने किंवा पुटीने झाका, नाहीतर दुसऱ्या पायाची कातडी सोलली जाते, आणि गेटच्या जाळीत, सोफ्याच्या कापडात फ्रेम अडकते. हळद-तेलाचा लेप आजी लावणारच, तर तिलाच बोलावून समजावा की पिनेच्या तोंडाशी तेलकट काही नको, त्याने धूळ चिकटते. पाऊस सुरू आहे, माश्या आहेत. पिनेच्या भोकात अळ्या पडल्या तर टर्पेंटाइन ओतू देऊ नका, थेट तुमच्याकडे आणायला सांगा. रोज संध्याकाळी एकाच जागेवरून, एकाच उजेडात, पिनांच्या तोंडाचा एक फोटो आणि कुत्रा चालतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ फोनवर मागवा. मी आधी व्हिडिओ बघतो, फोटो नंतर.

एक्स-रे झाले की मलाही पाठवा. दोन्ही व्ह्यू, आणि जुने पहिल्या दिवसाचेही, शेजारी ठेवून.